शिट्टी वाजल्यावर दिलेला खो

"हॅलो?… हाव, बेबीताई, बोला… नाही, आत्ताच आली चांदूरहून. देवापाशी दिवा लावून राहिली होती… हाव, प्रणालीचंच ना? मले माहीत होतं, तुमचा फोन येणारच."

रागिणीने काडेपेटी खाली ठेवली. नणंदेचा फोन उभ्याने घ्यायचा नसतो, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. ती पाटावर बसली.

"नाही, ऐका… अहो, ऐका ना… जिंकल्या, चांगल्याच जिंकल्या. प्रणालीनं एकटीनं चौघी बाद केल्या. पंच मीच होती, मले नाही माहीत?… अहो, तिच्या खेळाले कोण नाव ठेवून राहिलं! लाल कार्ड खेळाचं नाही दिलं. खेळ झाल्यावर तिनं जे केलं, त्याचं दिलं…

"हाव, शिट्टी वाजली होती… हाव, सामना संपला होता… तरी देता येते. येते म्हणजे येते, बेबीताई! दोन्ही संघ हात मिळवून मैदानाबाहेर जाईस्तोवर पंचानं तिथंच थांबायचं असते. पोरी भांडतात त्या तेव्हाच. खेळताना भांडायले त्याईले टाइम कुठं असते?…

"मामी?… मामी मी घरी. अन् मी आयोजकाईले आधीच म्हटलं होतं, माही भाची खेळून राहिली, दुसरा पंच पाहा. ते म्हणे, आता कुठून आणू?… नाही हो, सूड कशाचा?… कोणती साडी?… कुंदनच्या लग्नात तुमी मले हलकी दिली ती? अहो बाप्पा, ती साडी आता काहून काढून राहिल्या तुमी?…

"बरं, तिनं काय सांगितलं तुमाले?… 'पाठीवर हात ठेवला'… समजूत काढली म्हणते?… नाही, बेबीताई. ती दुसऱ्या शाळेची दामिनी हारल्यावर रेषेवरच खाली बसून रडून राहिली होती. बाकीच्या पोरी हात मिळवायले उभ्या. अन् तुमची लेक मागून गेली, धाडकन पाठीत थाप मारली, अन् ओरडली, 'खो!'… हाव, खो. आपल्याच बसलेल्या गड्याले देतात ना, ऊठ, पळ म्हणून, तसा… तुमी हसून राहिल्या?… सारं मैदानही हसलं. दामिनी तोंड झाकून बसली ती बसलीच. मीच उठवलं तिले…

"अजून काय म्हटलं?… ते तुमी प्रणालीलेच इचारा… नाही, मी नाही सांगत… नाही म्हटलं ना…

"काय?… कोण म्हणते, प्रणालीचे बाबा?… मी शिट्टी वाजवून चहाले निघून गेली होती, मी काही पाहिलंच नाही, असं सांगू?… हाव, माह्या जोडीचे पंच किशोर सर गेले होते चहाले. त्याईनंही जायले नव्हतं पाहिजे. म्हणून मीही गेली म्हणू?… मंग मघाशी सांगितलं ते सारं कोणी पाहिलं? मैदानातल्या खांबानं?"

रागिणीचा आवाज सहसा चढत नसे. मैदानावरही तिचं सारं काम शिट्टीच करायची. पण आता समईतली कोरडी वात पाहता पाहता तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

"माहीत आहे, बेबीताई… माहीत आहे, जिल्ह्याचा सामना तिच्याबिगर हारतील. मले नाही वाईट वाटत? पाचवीत होती तेव्हा मीच नेलं तिले मैदानात… काय?… महालक्ष्मीच्या जेवणाले येणार नाही?… तुमचं माहेर आहे, तुमी कार्डासाठी तोडता काय?… बरं, तोडा. पण आधी पोरीले फोन द्या… द्या ना… अहो, रागावत नाही, द्या.

"प्रणू?… रडू नको… आईले अर्धंच काहून सांगितलं?… मी नाही सांगितलं, तूच सांगशील म्हणून थांबली. खो दिल्यावर तू दामिनीले काय म्हटलं?… जोरानं बोल… हाव, तेच. मी ऐकलं होतं. 'ऊठ वं, मेथीची जुडी सोडून दाखव, सडकी निघते तुमची.' तिची आई बाजारात भाजी विकते म्हणून ना?… मंग काहून म्हटलं बेटा?… काय?… कोण?"

रागिणीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई म्हणते?… दर बाजारी?… दामिनीच्या आईले असंच म्हणते?… अन् दामिनी तिथंच बसली असते?… बरं… बरं, प्रणू. हे पाय, कार्ड वापस होत नाही. जिल्ह्याले तू खेळणार नाही… हाव… रडून घे. पण आता जे मले सांगितलं ना, ते जसंच्या तसं आईले सांग… आत्ताच. फोन बंद करू नको. मी आहे इथं."

बराच वेळ तिकडून पोरीचं अडखळत बोलणं ऐकू येत राहिलं. मग तिचं सांगून झालं.

"हॅलो?… बेबीताई?… बोला ना… नाही हो, मी काही शिकवलं नाही तिले… मले कसं माहीत राहीन? मी तुमच्यासंगं बाजारात कधी आली?… हाव… हाव, ऐकून राहिली…

"मजाकीनं?… हाव, तुमी मजाकीनंच म्हणत असान, बेबीताई. हसत हसतच म्हणत असान… प्रणालीही हसतच म्हणत होती…

"हॅलो?… बेबीताई?… हॅलो?…"

तिकडून फोन ठेवला गेला होता.