वहीतली चार पानं

नाही हो, खोटं नाही बोलली तुमची मुलगी! बसा ना आधी — ती खुर्ची नको, तिच्या एका पायानं राजीनामा दिलाय — ही घ्या. तर वहीतली ती चार पानं, निळ्या शाईतली, मुंग्या चालल्यासारख्या अक्षरातली — ती माझीच आहेत. तुमच्या मुलीच्या निबंधाच्या वहीत तिच्या बाईंनी कथा लिहिली. आता हसा, नाहीतर मुख्याध्यापकांकडे जा — पण आधी ऐकून घ्या.

म्हणजे असं — मी लिहिते. कथाबिथा. छापूनही यायच्या. लोक विचारतात, शिकवता, वाचता, घर बघता, मग लिहिता कधी? कधी म्हणजे काय — चोरून! पेपर चालू असताना वर्गावर, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये, मुख्याध्यापक बैठकीत बोलत असताना — त्यांना वाटतं, बाई टिपणं घेताहेत. प्रत्येक वेळी माझं कौतुक करतात बिचारे. आणि लिहिलेलं सगळं आधी ताईकडे. माझी थोरली बहीण. शिक्षण म्हणाल तर बेताचंच, पण वाचायला बसली की दूध उतू जाऊन गॅस विझला तरी हलायची नाही. आणि जीभ! ‘इथं मला डुलकी लागली.’ ‘हा माणूस मरतोय की भाषण ठोकतोय?’ रुसून मी दोनदा बोलणं टाकलं तिच्याशी — दोनदा कसलं, चारदा. पण तिनं ‘हं, जाऊ दे’ म्हटल्याशिवाय एकही कथा पाकिटात घातली नाही.

गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून सगळं ठप्प. शिकवणं चालू — त्याचं काय, तोंड आपोआप चालतं. वाचायला घेतलं की बाराव्या पानावर पुस्तक पालथं. आणि लिहिणं? चौदा महिन्यांत हजेरीपटाशिवाय काही लिहिलं असेल तर शपथ.

आणि परवा हिचा निबंध आला. अर्धंच पान. ‘आजी गेली तेव्हा सगळे रडत होते आणि मला खूप भूक लागली होती. मी कुणाला सांगितलं नाही.’ — तुमची आई ना? — अहो, मग तिला रागावू नका हं. पोरीनं खरं लिहिलंय. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लाल पेन उचललं, आणि ठेवून दिलं. निळं घेतलं. मुलं डबे खात होती, गोंगाट नुसता, आणि मी पान उलटून लिहीत सुटले — दुसरा कागद शोधायला उठले असते ना, तर गेलंच असतं ते. मग घंटा झाली, घाईत साडेसहा गुण टाकले आणि वही तशीच गठ्ठ्याबरोबर परत गेली.

काय लिहिलं म्हणजे? कथा आहे हो. दवाखान्यात बाहेर बाकावर एक बाई पेपर तपासत बसलीये, आत तिची बहीण. नर्स येते, म्हणते, चला, बोलावताहेत. बाई म्हणते, आलेच, दोनच राहिलेत. आता कथेत असं काहीतरी घालावंच लागतं, त्याशिवाय — दोनच राहिले होते हो. बासष्ट झाले होते. म्हटलं, एवढे हातावेगळे करते म्हणजे निवांत बसता येईल तिच्याजवळ. एकाला तर गुणही दिले, अठरा — नर्स परत आली, तेव्हा नुसती उभी राहिली —

ते असू दे. पानं तेवढी फाडून द्या मला, मिटलं. — का? मुलगी फाडू देत नाही? म्हणजे — तिनं वाचलीत? चारही? आणा बघू इकडे... अगं बाई! लाल पेन! हिनं माझंच तपासलं की हो! ‘अक्षर सुधारा.’ बरोबर आहे. ‘परिच्छेद पाडा.’ हेही बरोबर. दहापैकी सहा! मी तिला साडेसहा दिले होते, कंजूस कुठली! आणि हे समासात काय — किती बारीक — थांबा, चष्मा...

‘बाई, मग तुम्ही आत गेलात का?’

घंटा झाली वाटतं. तुम्ही निघा आता, माझा तास आहे. नाही, वही राहू दे इथंच. तिला काही विचारू नका घरी. मी सांगते — मी सांगेन तिला. निघा तुम्ही.