मुश्ताक धनसे सर आणि घेरवाडीचा डोंगर

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय महिपतराव उतेकर साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले मुख्याध्यापक आणि इतर मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांनी अख्ख्या महाड तालुक्याला अक्षांश-रेखांश शिकवले ते आदरणीय मुश्ताक धनसे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या बेगमभाभी, सर्व शिक्षकवृंद, आजी-माजी विद्यार्थी, पोलादपूरच्या वरच्या अंगाहून खास जीप करून आलेली घेरवाडीची मंडळी, आणि बंधू-भगिनींनो.

मी मंगेश चोरगे. शिक्षक नाही, सरांचा विद्यार्थीही नाही. मग हा माणूस माईकसमोर काय करतोय, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. सूत्रसंचालकांनाही पडला होता. तर एसटी स्टँडसमोर माझं सायबर कॅफे होतं, आता तिथे झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्ज आहे. सर शाळेत कसे होते ते आतापर्यंतच्या वक्त्यांनी सांगितलं. शाळा सुटल्यावर सर काय करायचे, ते मला विचारा.

दोन हजार पाच साल. पुराचं पाणी ओसरून बाजारपेठ नुकती उभी राहत होती. एके दिवशी सर छत्री झटकत आत आले आणि म्हणाले, "मंगेश, इंटरनेटवर मराठीत लिहिता येतं म्हणे." मी म्हटलं, "लिहिता येतं सर, पण वाचणार कोण?" सर म्हणाले, "ते नंतर बघू." आणि कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. ते जे बसले, ते चार-पाच वर्षं उठलेच नाहीत म्हणायला हरकत नाही.

त्या काळी मराठी ब्लॉग लिहिणारी मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. फॉन्टची बोंब. सरांनी पहिला लेख लिहिला, खपून लिहिला, आणि बाकीच्या जगाला त्याच्या जागी दिसले नुसते चौकोन. काना नाही, मात्रा नाही, ओळीच्या ओळी चौकोन. तरी तिसऱ्या दिवशी खाली एक प्रतिक्रिया आली. नागपूरच्या कुणी विलास पोफळी नावाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "आपला मजकूर दिसला नाही. चौकोन मात्र आवडले."

आता सांगा, आपण काय केलं असतं? सरांनी त्यांना सविस्तर आभाराचं उत्तर लिहिलं. तेही चौकोनांतच गेलं. अशी ती मैत्री सुरू झाली.

पुढे मी तो फॉन्ट ठीक केला आणि लोकांना कळलं की हा माणूस लिहितो काय. अध्यक्ष महोदय, मुश्ताक धनसे डोंगरांना हाका मारायचे आणि कोणता डोंगर काय उत्तर देतो ते लिहायचे. होय. सुट्टीच्या दिवशी पाचाडच्या बाजूला, वरंध्याकडे, पोलादपूरच्या दऱ्यांत जायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि ओरडायचे. ज्या माणसाने वर्गात कधी आवाज चढवला नाही, तो माणूस! बेगमभाभी मला म्हणाल्या होत्या, "मंगेश, घरात ह्यांना मीठ मागायचं असलं तरी खुणेने मागतात. आणि डोंगरावर जाऊन ओरडतात. लोकांना वाटेल मीच छळते."

भाभी, हसू नका, हे आपलंच वाक्य आहे.

सरांच्या शोधाचं सार असं, की डोंगर सगळं परत देत नाही. पहिलं अक्षर खातो. घेरवाडीसमोरच्या कड्यावर सरांनी स्वतःचंच नाव पुकारलं, "मुश्ताऽऽक!" तर पलीकडून आलं, "ताऽऽक... ताऽऽक..." सर खूश. पुन्हा ओरडले. पुन्हा ताक. असं बराच वेळ चाललं. शेवटी नदीपलीकडून एक म्हातारी हातात तांब्या घेऊन, दगडांवरून तोल सांभाळत आली आणि म्हणाली, "घ्या, बाबा. कवापासून वरडताय. तहान लागली तर घरी यावं माणसानं, डोंगराला कशाला सांगायचं?"

तांब्यात ताक होतं. ही आवडीबाई. समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. सरांनी ते ताक प्यायलं, काही स्पष्टीकरण दिलं नाही, आणि घरी येऊन त्यावर ब्लॉग लिहिला.

तोपर्यंत सरांचा गोतावळा वाढला होता. पोफळीकाकांना गाठींचा नाद. बैलाची गाठ, बोटीची गाठ, पायजम्याची गाठ, सगळ्यांचे फोटो. मस्कतला एक आफियाताई होत्या, मूळच्या म्हसळ्याच्या. त्या वाळवंटात अळू लावायचा प्रयत्न करत आणि अळू मेलं की त्यावर लिहीत. दर महिन्याला मरायचं. टोरांटोचे एक गृहस्थ आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या एकाच झाडाबद्दल रोज लिहीत. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण आफियाताईंचं अळू गेलं की आमचे सर दोन दिवस गप्प. मी म्हणायचो, "सर, अळूच ते." सर म्हणायचे, "तू त्या बाईची मेहनत बघितली नाहीस."

मग या मंडळींनी ठरवलं की एकदा भेटायचं. मेळावा घ्यायचा. कुठे? तर सरांच्या डोंगरासमोर, घेरवाडीत. पुण्या-मुंबईचे पंधरा-वीस जण, नागपूरहून पोफळीकाका, आणि सुट्टीवर आलेल्या आफियाताई. सरांनी वाडीतल्या कुशाबांना निरोप पाठवला, "रविवारी आमचे ब्लॉगवाले येतायत. तुम्ही काही करू नका. फक्त चहा."

इथे मी श्रोत्यांना विनंती करतो की क्षणभर घेरवाडीत जाऊन उभे राहा. वाडीकरांनी आयुष्यात ब्लॉग ऐकलेला नाही. त्यांना माहीत आहे ब्लॉक. ब्लॉक म्हणजे पंचायत समिती, बीडीओ, जीप, शिक्का. आणि 'काही करू नका, फक्त चहा' असं कोण म्हणतो? साहेबच म्हणतो!

वाडीला साहेबांची गरजही तशीच होती. नदी ओलांडायचा लाकडी साकव वाहून गेला होता. त्याच पावसाळ्यात आवडीबाईंची सून रखमा हिला कळा सुरू झाल्या, डोलीतून काठापर्यंत आणलं आणि पाणी उतरेना. पोर तिथेच, घोंगडीच्या आडोशाला, काठावर जन्मलं. दोघी वाचल्या, हे नशीब. पण त्या दिवशी काठावर उभे असलेले पुरुष अजून त्याबद्दल बोलत नाहीत.

तर रविवारी आम्ही दोन जीपमधून उतरलो तो ढोल वाजायला लागले. झाडाला फलक, 'ब्लॉकच्या सर्व साहेबांचे हार्दिक स्वागत.' हार घातले, टिळे लावले. मी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा पांढराफटक.

आणि आमची मंडळी वागली कशी? आफियाताई उतरल्या त्या थेट ओहोळाच्या कडेला जाऊन माती उकरून पिशवीत भरायला लागल्या. लोक म्हणाले, माती परीक्षण. पोफळीकाका जुन्या साकवाचा उरलेला दोर बघून गुडघ्यावर बसले, गाठ उलटीसुलटी केली, फोटो काढले आणि म्हणाले, "काय गाठ आहे हो! कुणी मारली?" कुशाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, माझी हाय. चुकलं असंल तर सांभाळून घ्या." बाकीचे वह्या काढून दिसेल ते टिपत होते. एवढी कसून पाहणी घेरवाडीने स्वातंत्र्यानंतर पाहिली नव्हती.

चहा झाला. कुशाबा बोलायला उभे राहिले आणि साकव मागितला. रखमा पोर घेऊन पुढे येऊन उभी राहिली. आमची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. एकजण माझ्या कानात म्हणाला, "राहू दे, हो म्हणून टाकू, संध्याकाळी निघायचंय."

तेव्हा सर उठले. अध्यक्ष महोदय, त्यांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला आणि म्हणाले, "कुशाबा, हे साहेब नाहीत. हे ब्लॉक नव्हे, ब्लॉग. माझा निरोप नीट पोचला नाही. हे माझे मित्र आहेत."

ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. आवडीबाईंनी विचारलं, "मग ह्ये करतात काय?"

"लिहितात."

"कोण वाचतं?"

सर म्हणाले, "आम्हीच. एकमेकांचं."

"म्हंजे ह्यांचं त्ये वाचतात आनि त्यांचं ह्ये?"

"हो."

आवडीबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "आसू दे. ब्लॉकवाले तर तेवढं पन वाचत नाय. आमचं बी लिवा रे, बाबांनो. हार आता घातलेत, ते काय परत घेत नाय."

आणि खरंच लिहिलं हो! त्या आठवड्यात पोफळीकाकांच्या गाठींत घेरवाडीचा साकव, आफियाताईंच्या अळूत घेरवाडीचा साकव. टोरांटोच्या गृहस्थांनी त्या दिवशी झाडाबद्दल लिहिलं नाही, हे लक्षात घ्या. वाचणारे फार नव्हते, पण होते ते इमानी. कुणीतरी ब्लॉक ऑफिसचा फोन नंबर शोधून टाकला आणि फोन सुरू झाले. दुबईहून, कतारहून, पुण्याहून. टोरांटोचे गृहस्थ तर रोज करायचे, त्यांची सवयच तशी. "नमस्कार, घेरवाडीच्या साकवाचं काय झालं?" एवढंच विचारायचे आणि झाडाकडे बघायला जायचे.

तिकडे समजूत झाली की घेरवाडीचा कुणीतरी परदेशात फार मोठ्या पदाला पोचलाय. आणि एक दिवस खरे साहेब जीप घेऊन वाडीत हजर झाले. मी आणि सर तिथेच होतो, सर हाका मारत होते.

पण आता वाडी शहाणी झाली होती! साहेब म्हणाले, "आम्ही ब्लॉकमधून आलोय." कुशाबा म्हणाले, "ठाव हाय. या, बसा. लिवा." ना हार, ना ढोल. कोरा चहा हातात दिला. हे खरेच ब्लॉकचे, असं सर सांगायला पुढे धावले, तर आवडीबाईंनी त्यांनाही बसवलं. मग साहेबांना म्हणाल्या, "बाकीचे आलेले त्यांनी पन मारली, तुम्ही पन मारा एक हाक. डोंगर जबाब देतो."

साहेब तापले. "हाक कसली? आम्ही साकवाच्या प्रकरणासाठी आलोय. जागा अडचणीची, खर्च बसत नाही."

"मग त्येच सांगा त्याला," आवडीबाई म्हणाल्या.

का कोण जाणे, उन्हामुळे असेल, त्या दगडी शांततेमुळे असेल, साहेब खरंच कड्याकडे तोंड करून उभे राहिले आणि सगळा राग एकवटून ओरडले, "नामंजूऽऽर!"

आणि पलीकडून स्वच्छ आवाज आला, "मंजूऽऽर... मंजूऽऽर... मंजूऽऽर..."

सभागृहाने शांत राहावं, अजून संपलेलं नाही.

वाडीने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पुन्हा प्रयत्न केला, जास्त जोरात. डोंगराने जास्त जोरात मंजुरी दिली. तिसऱ्या खेपेला साहेबांनाच हसू फुटलं. ते दगडावर बसले, पाणी मागितलं, आणि रखमाच्या कडेवरचं पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं, ते बघून रखमाला विचारलं, "नाव काय हिचं?" रखमा म्हणाली, "श्रुतिका. हितंच काठावर झाली, साहेब. पानी उतरत नव्हतं." साहेब उठले, चपला काढल्या आणि स्वतः पाण्यात उतरून पात्राची रुंदी बघितली. मला त्या माणसाचं नाव घेण्याची परवानगी नाही, पण अहवाल त्यांनीच अनुकूल दिला, एवढं सांगतो. पुढच्या पावसाआधी लोखंडी साकव उभा राहिला. आज ही मंडळी त्याच्यावरूनच चालत जीपपर्यंत आली आहेत.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी सरांचा ब्लॉग ज्या कंपनीच्या जागेवर होता, ती बंद पडली. सरांचं सगळं लिखाण गेलं. पोफळीकाकांचं गेलं, आफियाताईंचं गेलं. एकमेकांचे पत्ते यांनी मेळाव्यातही घेतले नव्हते, सगळी ओळख त्या प्रतिक्रियांमध्ये. सर रोज येऊन दुकानात उरलेल्या एकमेव मशीनवर त्या कोऱ्या पानासमोर बसायचे. मी पैसे घेणं बंद केलं, तर रागावले. म्हणाले, "लिखाणाचं वाईट वाटत नाही रे. पण आफियाताईंना विचारायचं राहिलं, घेरवाडीची माती लागू पडली का."

 पण निवृत्तीनंतर सर पनवेलला मुलाकडे, अनसकडे, जाणार हे कळल्यावर मी जे काही आठवत होतं त्यावरून शोधायला लागलो. सरांना सांगितलं नाही. भाभींना सांगितलं होतं.

माननीय अध्यक्षांनी मघाशी मला हळूच विचारलं, शेवटच्या रांगेत ते अनोळखी पाहुणे बसलेत, ते कोणत्या खात्याचे? साहेब, ते कोणत्याच खात्याचे नाहीत. ते गृहस्थ नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेत. शेजारच्या बाई मस्कतहून आल्यात आणि त्यांच्या मांडीवरच्या कुंडीत जे हिरवं दिसतंय, ते जिवंत आहे.

सर, मागे वळून बघा.

...बसा, सर, बसा. बरं, नका बसू. जा त्यांच्याकडे. कार्यक्रम काही पळून जात नाही.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी इतका वेळ सहन केलं, त्याबद्दल ऋणी आहे. मी शिकलेला वक्ता नाही. मान्यवरांचा क्रम चुकला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. सत्कारमूर्ती जागेवर परत येईपर्यंत शाल-श्रीफळ कृपया टेबलावरच राहू द्यावं.