हँडल मोडलेली इस्त्री

कात्रीला धार लावायला आलेल्या शिंपीणबाई दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे एक सासू आणि तिची सून. सुनेच्या हातात इस्त्री, हँडल मोडलेली.

“आई, या वेळी नवीनच घेऊ या ना.”

“कशाला गं? बाकी ठणठणीत आहे. हँडल तेवढं बदलायचंय.”

“कशी मोडली विचारतील.”

“माझ्या हातून पडली म्हणायचं.”

“मिक्सरही तुमच्याच हातून पडला होता. पंखाही.”

“म्हाताऱ्या हातांना कुणी जाब विचारत नाही.”

“हे तुम्ही मला सांभाळायला म्हणता, की यांना?”

सासूनं तिच्या हातातली इस्त्री आपल्याकडे घेतली. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“काय आजी, पुन्हा हातातून निसटली?”

“नाही. माझ्या मुलानं फेकली. हिच्या अंगावर.”

“आई...”

“थांब गं. होईल ना हो दुरुस्त?”

कारागिरानं इस्त्री हळूच खाली ठेवली. “होईल की. संध्याकाळी घरी पोचवतो.”

“आमच्याकडे नको. हिच्या माहेरचा पत्ता लिहून घ्या. आत्ता तिकडेच निघालोय आम्ही दोघी.”

कारागीर गल्ल्यावर पेन शोधू लागला. शिंपीणबाईंनी आपलं पुढे केलं.