कोमट टॉवेल

वडील : ...उद्या कशाला? खुर्ची रिकामी आहे, मी बसलोय, गालावर खुंट वाढलेत. कर दाढी.

मुलगा : बाबा, आत्ताच दुकान उघडलंय. झाडायचंय, आरसे पुसायचेत. दुपारी या ना.

वडील : दुपारी या, दुपारी या! महिनाभर हेच ऐकतोय. बापाला दुपारी बोलावतोस आणि सकाळच्या गिऱ्हाइकांना मशीन फिरवून वाटेला लावतोस. वस्तरा कुठाय?

मुलगा : खणात. हल्ली सगळ्यांना मशीनच आवडतं.

वडील : सगळ्यांना? काल शाळेतले मास्तर भेटले. कानाखाली पट्टी. म्हणाले, तुमच्या मुलाचा हात जरा घसरला. घसरला? तुझा?

मुलगा : वस्तरा लावताना ते हलले.

वडील : मास्तर? खुर्चीत बसले की घोरायला लागतात ते. माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत.

मुलगा : सकाळी सकाळी डोकं खाऊ नका.

वडील : नाही खात. कापड बांध आणि टॉवेल आण.

मुलगा : ...डोकं मागे टेका. हा घ्या.

वडील : कोमट आहे.

मुलगा : गरम होता.

वडील : होता ना! पातेल्यातून काढलास तेव्हा वाफ निघत होती, आरशात दिसलं मला. मग पाठ फिरवून मुठीत धरून उभा राहिलास. ऊब तुझ्या हातांनी खाल्ली आणि चिंधी माझ्या तोंडावर आली. आणि लोक म्हणतात, पोरगा टॉवेल काय प्रेमाने पिळतो! मूठ मिट बघू.

मुलगा : बाबा, राहू द्या.

वडील : मिट म्हणतो ना!

(मुलगा मूठ मिटायला जातो. बोटं अर्ध्यावर थांबतात.)

वडील : कधीपासून?

मुलगा : सकाळचंच असतं. उठलो की बोटं लाकडासारखी. दुपारपर्यंत सुटतात. गोळी घेतली की तेवढंही जाणवत नाही.

वडील : कसली गोळी?

मुलगा : दुखण्यावरची. औषधाच्या दुकानातून आणतो.

वडील : रोज? स्वतःच्या मनाने? अरे, पोटाची चाळण होईल!

मुलगा : डॉक्टरबाईंकडे गेलो होतो एकदा. म्हणाल्या, कापलं की लाल होतं, सुजतं, ती शरीराची डागडुजी असते. काम झालं की सूज उतरते. माझ्यात ते काम थांबतच नाही. आतल्या आत धुमसत राहतं आणि सांधेच कुरतडतं. गोळीने ठणका दबतो, आग तशीच राहते. रक्त तपासून घ्या म्हणाल्या, सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

वडील : आणखी काय म्हणाल्या? नजर चुकवतोयस, म्हणजे आणखी काहीतरी आहे.

मुलगा : सिगारेट सोडा. मोबाईल बघत जागू नका. गोड चहावर दिवस काढू नका, वेळेवर जेवा, चाला. मी विचारलं, एवढ्याने बरं होईल? म्हणाल्या, दुखणं सवयींमुळेच झालं असं नाही, पण तुम्ही रोज त्यात तेल ओतताय. औषध घ्यावंच लागेल, आणि जोडीला हे.

वडील : आणि यातलं तू काहीही केलं नाहीस.

मुलगा : कसं करणार? गिऱ्हाईक बसलेलं असताना जेवायला उठायचं नाही, हे कोणी शिकवलं? भूक लागली तर चहा मार, हे कोण म्हणायचं?

वडील : मीच.

मुलगा : मग आता मलाच का बोलता?

वडील : मीच म्हणायचो. चुकलं माझं. पण परत दवाखान्यात जायला तुला मी अडवलं नव्हतं.

मुलगा : भीती वाटते, बाबा! वस्तरा कायमचा ठेवून द्या म्हणाल्या तर? मला दुसरं काय येतं? ऐकायचं होतं ना, ऐका आता.

वडील : मास्तरांचं कानावर निभावलं. थोडं खाली गेलं असतं तर गळा होता.

मुलगा : माहीत आहे मला. डोळे मिटले की तोच गळा दिसतो.

वडील : म्हणून मोबाईल.

मुलगा : म्हणून मोबाईल.

वडील : खण उघड. वस्तरा दे इकडे. दे म्हणतो! डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो माझ्या खिशात राहील. गोळ्यांची पाकिटंही काढ, बाईंना दाखवायचीत. आज माझ्याबरोबर येतोयस.

मुलगा : आणि गिऱ्हाइकांना काय सांगू?

वडील : खरं ते सांग. हात सुजलेत म्हण. मशीन आहेच, तोवर मशीनवर भागव.

मुलगा : ...तुमची दाढी राहिली.

वडील : वाढू दे. मी तुझ्याच हातून करून घेईन, वस्तऱ्यानेच. तोवर लोक हसले तर हसू देत. ऊठ, पातेलं परत तापत ठेव.

मुलगा : आता कशाला? निघायचंय ना?

वडील : दवाखाना उघडायला वेळ आहे. तू बस खुर्चीत. टॉवेल मी पिळतो.