परतीची तार

(फ्रीमाँटमधल्या टाउनहाउसचं गॅरेज. अनया ॲन आर्बरहून वडिलांकडे आली आहे.)

अनया : बाबा, रीसायकलवाले अकराला येणार. हा कॉम्प्युटर शटडाउन करा.

प्रताप : तो कामात आहे.

अनया : रिअली? प्रमोशन कधी आहे त्याचं?

प्रताप : माझ्यासारखंच. रिटायर होईपर्यंत त्याच टेबलावर.

अनया : स्क्रीनवर तर काहीच नाहीये. करतोय काय?

प्रताप : सीरियल पोर्टमधून सिग्नल पाठवतोय. सतत. मागून ती तार निघते, भिंतीतून किचनमध्ये जाते आणि तिथला दिवा लागतो.

अनया : मसाल्यांच्या कपाटाखालचा हिरवा? मला वाटायचं स्मोक अलार्म आहे!

प्रताप : तुझी आई म्हणायची, गॅरेजमध्ये गेलात की पत्ता नसतो तुमचा, निदान जिवंत आहात एवढं तरी कळवा. म्हणून बसवला. मी इथे बसलो की प्रोग्रॅम चालू, दिवा चालू.

अनया : टेक्स्ट नावाची एक गोष्ट असते.

प्रताप : पोळ्या लाटताना टेक्स्ट कोण वाचतं? दिवा दिसतो.

अनया : आता कोण लाटतंय पोळ्या?

प्रताप : कोणी नाही. फ्रोझन आणतो.

अनया : म्हणजे आई गेल्यापासून आठ महिने, हा बंदच न करता, रात्रंदिवस, तुम्ही रिकाम्या किचनला कळवताय की तुम्ही जिवंत आहात.

प्रताप : किचनची अजून तक्रार आलेली नाही.

अनया : आणि ही तार? नुसतीच लोंबतेय.

प्रताप : ती परतीची. तिकडून इकडे यायची.

अनया : मग जोडली का नाही?

प्रताप : तुझी आई मागे लागली होती. तिला तिकडे बटण हवं होतं. दाबलं की इथे बझर वाजेल असं. मी म्हटलं, तुला एवढं काय कळवायचं असतं? चहा झाला तर हाक मार की.

अनया : बाबा...

प्रताप : मारलीही असेल तिने त्या दिवशी. मी हेडफोन लावून बसलो होतो. दिवा मात्र छान लागलेला होता. तिला पक्कं माहीत होतं, मी बारा फुटांवर आहे.

अनया : डॉक्टर म्हणाले होते ना, पाच मिनिटांत सगळं संपलं. बटण असतं तरी...

प्रताप : बारा फूट यायला पाच मिनिटं खूप होतात, अनया.

अनया : ...ही तार जोडायला सोल्डरिंग आयर्न कुठेय?

प्रताप : रीसायकलच्या खोक्यात. तूच टाकलंस सकाळी, कचरा म्हणून.

अनया : काढते. आणि बटण?

प्रताप : तिने आणून ठेवलं होतं. वरच्या ड्रॉवरमध्ये आहे, अजून पाकिटातच. पण आता दाबणार कोण ते?

अनया : मी रविवारपर्यंत आहे. चहा आल्याचा करू की साधा?

प्रताप : आल्याचा. आणि खोक्यात जागा झाली असेल, तर हे हेडफोन टाक त्यात.