मधली खुर्ची

...आणि वर तोंड करून म्हणते कशी, 'विश्वाला मध्यच नाही!' मध्य नाही म्हणे! अहो, परक्यानं सांगितलं असतं तर या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं, पण पोटची पोर! आणि सांगायचं कुठे, तर माझ्या मालकासमोर!

थांबा, नीट सांगतो. मी फिरत्या हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा मुकादम. फिरतं म्हणजे गावोगाव नव्हे हो, उंच इमारतीच्या डोक्यावर जागच्या जागी गोल फिरणारं. टेबलं फिरतात, गिऱ्हाइकं फिरतात, फिरत नाही तो फक्त मधला गोल. तिथे स्वयंपाकघर, लिफ्ट, आणि उंच खुर्चीवर... मी! वेटर सूप घेऊन बाहेर येतो, तोवर मघाशी दारासमोर असलेलं पाच नंबरचं टेबल गेलेलं असतं नदीकडे, आणि हा बावळट दारासमोर जे असतील त्यांच्या पुढ्यात सूप ठेवून मोकळा! ती माणसं पितातही बरं का! मग मी ओरडायचं, 'अरे, पाच नदीकडे! नऊ पुलाकडे!' बायका खिडकीच्या कठड्यावर पर्स ठेवतात. कठडा जागेवर, बाई चालल्या पुढे... जरा वेळानं किंकाळी, 'चोर! माझी पर्स!' मी खुर्चीवरूनच, 'बाई, पर्स कुठे गेली नाही, तुम्हीच गेलात.' आता एवढ्या घोळात एक माणूस स्थिर हवा की नको? तुम्हीच सांगा!

लेक माझी या खुर्चीच्या पायाशी बसून शिकली. 'बाबा, आपण फिरतोय का ते?' 'ते फिरतायत बाळा, आपण मध्ये आहोत.' मोठी झाली, आकाशाचं शिकली. परवा तिला हॉटेलात जेवायला बोलावलं, म्हटलं मालकाला दाखवू. मालक म्हणजे गोड बोलून गळा कापणारा माणूस. विचारतो, 'काय गं, हे एवढं विश्व, तेही आपल्या हॉटेलासारखं फिरतं का?' मी छाती काढून उभा! ही म्हणते, 'लोकांनी खूप शोधलं काका, पण फिरत असल्याची खूण काही सापडली नाही. आणि मध्य तर नाहीच. कुठलीच जागा खास नाही.' झालं! मालक माझ्याकडे वळून, 'ऐकलंत ना कॅप्टन? एवढ्या विश्वाचं मध्याशिवाय चालतं, मग तुमची खुर्ची काढून तिथे दोन टेबलं टाकली तर?' आणि ही हसली! तिला वाटलं, गंमत चाललीय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा!

दुसऱ्या दिवशी खुर्ची गायब. मला दिलं एक स्टूल, तेही फिरत्या जमिनीवर! आता 'पाच कुठे?' म्हणून विचारायला वेटर येतो, तोवर मीच गेलेला असतो नदीकडे! मध्य नाही म्हणे!

घरी येऊन धरलीच तिला. 'बापाची खुर्ची घालवलीस!' 'बाबा, मी विश्वाचं सांगत होते, हॉटेलाचं नाही!' रडकुंडीलाच आली हो. मग डोळे पुसले आणि पुन्हा शिकवायला लागली, 'सगळं एकमेकांपासून लांब चाललंय बाबा. कुठेही उभे राहा, आपल्यालाच सोडून सगळं चाललंय असं दिसतं. म्हणून प्रत्येकाला वाटतं, मध्ये आपणच.'

'सगळं लांब चाललंय?'

'हो.'

'आणि तू?'

तेव्हा कुठे हळूच, 'मला समुद्रापलीकडे नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात निघायचंय. त्या दिवशी जेवताना तेच सांगणार होते, पण...' हिच्या आईला माहीत! शेजारच्या काकूंना माहीत! माहीत नाही ते फक्त बापाला! अहो, खुर्चीचं मेलीचं काय घेऊन बसलात, खरं लागलं ते हे.

मी म्हटलं, 'म्हणजे मला एकट्याला सोडून चालले सगळे.' तर जवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, 'एकट्यालाच नाही हो बाबा. तिथे गेल्यावर मलाही अगदी असंच दिसणार, की तुम्ही सगळे मला सोडून लांब गेलात.'

घ्या! म्हणजे हॉटेलातली खुर्ची गेली ती गेलीच, आता दुःखातसुद्धा मध्ये बसायची सोय राहिली नाही!