भाऊजींनी सोडलेला हमूर

तुम्ही हसा खुशाल, पण माझं डोकं अजून तापलेलंच आहे. परवा शनिवारी सकाळी आम्ही इथे अबू धाबीत मुसफ्फ्याहून खाडीवर मासे धरायला गेलो होतो. मी, हे, आमची सई आणि ह्यांच्या ऑफिसातले देशपांडे भाऊजी. गळ माझा, मासे धरायचं लायसन्ससुद्धा माझ्याच नावावर. तीन तास उन्हात उभी राहिले, तेव्हा कुठे एक हमूर लागला. आपला हेकरूच तो, चांगला हातभर लांब! ओढताना बोट कापलं, तरी दोरी सोडली नाही. बर्फाची पेटी गाडीतच राहिली होती, म्हणून भाऊजींना म्हटलं, "जरा धरा, आलेच मी."

परत येऊन बघते, तर भाऊजींचे हात रिकामे!

"मासा कुठाय?"

"सोडला, वहिनी. फोटो काढला आणि सोडून दिला. हल्ली सगळे असंच करतात, कॅच अँड रिलीज!"

"कॅच मी केला, भाऊजी. रिलीज करणारे तुम्ही कोण?"

तर सई मलाच म्हणते, "आई, चिल! इट वॉज सो क्यूट." आणि हे? भाऊजींच्या फोनवर माशाचा फोटो बघत उभे.

दुपारी भाऊजी आमच्याकडेच जेवायला. ताटात वरणभात बघून चक्क विचारतात, "वहिनी, कालवण नाही केलंत? मी त्यासाठी नाश्तासुद्धा केला नाही हो!"

मी म्हटलं, "कालवण खाडीत पोहतंय, भाऊजी. यल्ला, जा आणि धरून आणा!"